पुढे चालू

दिवसातून निदान दोनशे वेळा मला कोणीतरी विचारतं, "पुढे चालू ठेवायचं का?" विचारणारी सौ. नव्हे. ती विचारत नाही, सांगते. साहेबही नव्हेत. ते सांगतही नाहीत, नुसतं चष्म्यावरून बघतात. विचारतो तो माझ्या काउंटरवरचा कॉम्प्युटर. पैसे मोजून घेऊन आकडा टाकला की स्क्रीनवर चौकट उगवते, 'कंटिन्यू?' सही पडताळली, 'कंटिन्यू?' पासबुक छापायला घातलं, पुन्हा 'कंटिन्यू?' मी 'येस' दाबतो. गेली एकोणीस वर्षं दाबतोय. एकदा चुकून 'नो' दाबलं गेलं, तर सगळा मजकूर पुसला जाऊन पहिल्यापासून भरावा लागला. रांगेतल्या आजी मागच्या बाईंना म्हणाल्या, "नवीन दिसतोय बिचारा."

ज्या शब्दाला आपण रोज दोनशे वेळा होकार देतो, त्याची एकदा तरी नीट चौकशी करावी, असं त्या दिवसापासून मनात होतं. आता समीक्षा हा माझा प्रांत नव्हे. मी बी.कॉम., तोही सेकंड क्लास. आम्हाला ठाऊक असलेली समीक्षा एकच, तिला ऑडिट म्हणतात. त्यात समीक्षक दर मार्चनंतर येतो, बिस्किटं खातो आणि लाल शाईने बरोबरच्या खुणा करत जातो. पण लोक कवितेची समीक्षा करतात, नाटकाची करतात. मग मी एका बटणाची केली तर साहित्याचं फारसं नुकसान होऊ नये.

या शब्दाची नि माझी पहिली भेट झाली ती शाळेत, इंग्रजीच्या तासाला. प्रेझेंट कंटिन्युअस टेन्स. 'आय ॲम गोइंग.' सर म्हणायचे, "क्रिया अजून चालू आहे, म्हणून आयएनजी." पुढचा तास मराठीचा. तिथे तीच क्रिया 'मी जात आहे' असं रूप घेऊन आली, आणि बाई म्हणाल्या, "हा अपूर्ण वर्तमानकाळ." म्हणजे साहेब रस्त्याने चालला होता तेव्हा त्याचं जाणं कंटिन्युअस होतं, आणि त्याच रस्त्याने आम्ही निघालो तर आमचं जाणं अपूर्ण! त्या वयात मला हा सरळसरळ अन्याय वाटला. आता चाळिशी उलटल्यावर वाटतं, आपल्या व्याकरणकारांना संसाराचा अनुभव असावा. जे जे चालू आहे ते ते अपूर्णच असतं. आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याचं काम पाहा.

तर आता शब्दाकडे. कोश उघडून पाहिला. 'कंटिन्यू'चं मूळ लॅटिनमध्ये आहे. 'कॉन' म्हणजे एकत्र आणि 'तेनेरे' म्हणजे धरणं. एकत्र धरून ठेवणं, तुटू न देणं, हा मूळ अर्थ. चालण्याचा, पळण्याचा त्यात काही संबंधच नाही! त्याच लॅटिन घराण्यातून 'कंटेन' हा शब्द निघाला, आणि 'कंटेन'चा मुलगा 'कंटेनर'. हे वाचून मला फार बरं वाटलं. कारण आमच्या ताथवड्याच्या अंगावरून मुंबई-बेंगळूरु महामार्ग जातो, आणि संध्याकाळी सहा वाजता त्यावर जे कंटेनर उभे असतात, ते तासभर एकमेकांना धरून असतात. तुटत नाहीत, हलतही नाहीत. लॅटिन भाषा ज्याला अजून जिवंत पाहायची असेल, त्याने संध्याकाळी भूमकर चौकात यावं.

आपल्याकडे मात्र या शब्दासाठी तयार ठेवलेले शब्द सगळे पायाने चालणारे. पहिला 'चालू'. दिसायला गरीब, पण अत्यंत चालू शब्द. 'चालू वर्ष' म्हटलं की सरळ असतो, 'चालू माणूस' म्हटलं की डोळा मारतो. आमच्या बँकेत 'करंट अकाउंट'ला चालू खातं म्हणतात. एकदा एका वयस्क गृहस्थांना मी विचारलं, "खातं चालू हवंय का?" ते घाईघाईने म्हणाले, "नको नको, सरळ द्या. आम्ही माळकरी आहोत." मी हसलो, पण चालू खात्यात लाखो रुपये ठेवले तरी बँक त्यावर पैचं व्याज देत नाही, हे आठवलं तेव्हा म्हाताऱ्याचा संशय अगदीच अस्थानी वाटला नाही.

दुसरा 'सुरू'. एटीएमवर मराठी भाषा निवडली की काही यंत्रं 'सुरू ठेवा' असं बटण दाखवतात. हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि मूळ अर्थ 'आरंभ'. म्हणजे 'सुरू ठेवा' याचा शब्दशः अर्थ, आरंभच ठेवा. माझा व्यायाम असाच गेली कित्येक वर्षं सुरू आहे. दर एक जानेवारीला. हिंदी बटणावर 'जारी' असतं. तेही अरबी, अर्थ 'वाहतं'. म्हणजे एकाच यंत्रात इंग्रज धरून ठेवतो, हिंदीवाला वाहत जातो, मराठी माणूस आरंभालाच उभा. आणि तिघांनाही शेवटी तोच संदेश मिळतो: यंत्रात रोकड नाही.

'चालू'चा सर्वोत्तम नमुना मात्र बँकेत नसून रस्त्यावर आहे. 'काम चालू, रस्ता बंद.' चार शब्दांत एवढं तत्त्वज्ञान दुसऱ्या कुठल्या भाषेने सांगितलं असेल असं वाटत नाही. मी राहतो त्या गल्लीच्या तोंडाशी ही पाटी आहे. रस्ता बंद आहे हे मी स्वतः पडताळून पाहिलंय. काम चालू असल्याचं मात्र पाटीवरूनच कळतं.

आता ताथवडं म्हणजे एके काळचं मुळशी तालुक्यातलं खेडं. २००९ साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. एका बाजूला हिंजवडीचे आयटीवाले, दुसऱ्या बाजूला कॉलेजांच्या इमारती, मधे सत्तावीस मजल्यांचे मनोरे, आणि या सगळ्यात पशुसंवर्धन खात्याचं एक जुनं प्रक्षेत्र. त्याचं नाव 'वळू माता प्रक्षेत्र'. इंग्रजीत 'बुल मदर फार्म'. ही पाटी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा भाषांतरकाराला मनातल्या मनात नमस्कार केला. बुलला वळू, मदरला माता, फार्मला प्रक्षेत्र. एकही शब्द वाटेत सांडू दिला नाही. फक्त वळू हा माता कसा, एवढंच कोडं वाचणाऱ्याकडे ठेवलं. मग कळलं की पुढे पैदाशीचे वळू व्हायचे त्यांच्या या माता. चांगल्या दुधाळ जातीचा वंश पुढे चालवायचा, हे तिथलं काम.

'वंश चालवायचा!' आणि इथे मला इतके दिवस हुकत असलेला शब्द सापडला. चालू नव्हे, सुरू नव्हे, चालवणं. घर चालवणं, दुकान चालवणं, गादी चालवणं, वसा चालवणं. आपण होऊन जे चालत नाही, त्याला कोणीतरी चालवावं लागतं. 'चालू आहे' म्हणताना कर्ता लपून बसतो. 'चालवतो' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोण? बटणाने विचारायला हवं ते हे. पण बटणाला कर्त्याशी कर्तव्य नसतं.

हे सगळं शब्दांचे खेळ म्हणून मी वहीत टिपून ठेवलं होतं. तेवढ्यात आमच्या शाखेत एक पोरगा आला.

पोरगा म्हणजे तिशीचा असेल. सांगोल्याकडचा, आयटीआय झालेला, वेल्डर. इथे ताथवड्यात चौघांत मिळून खोली, आणि काम चाकणला. सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा रात्री परतायची सोय नसते, म्हणून त्याला दुचाकीसाठी कर्ज हवं होतं. अर्ज त्याने स्वच्छ अक्षरात भरला होता. एकच रकाना रिकामा होता: 'सध्याच्या नोकरीतील सलग सेवा'.

"हे का नाही भरलं?"

"काय लिहू साहेब? अकरा वर्षं झाली या पट्ट्यात. पर सलग म्हणाल तर सात महिने."

ज्यांचं आयुष्य सरकारी किंवा बँकेच्या नोकरीत गेलं, त्यांना हे गणित उलगडून सांगावं लागेल. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'सलग सेवा' कशाला म्हणायचं, हे एका स्वतंत्र कलमात सांगितलं होतं. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं, की ती एक वर्षाची सलग सेवा धरायची. जमिनीखालच्या खाणीत १९० दिवस. ते भरले की कामगाराला काढताना नोटीस आणि भरपाई द्यावी लागे. २०२५ च्या नोव्हेंबरात या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. पण २४० हा आकडा आमच्या पट्ट्यात पोराटोरांना पाढ्यासारखा पाठ आहे. कारण सात महिने भरतात सुमारे २१२ दिवस. आठव्या महिन्यात गाडी २४० च्या फलाटाला लागू नये, म्हणून बऱ्याच ठिकाणी हंगामी पोरांना सातव्या महिन्याच्या शेवटी घरी बसवायची रीत पडली. तिला म्हणतात 'ब्रेक'. सिनेमात नटाला ब्रेक मिळाला की तो पेढे वाटतो. आमच्याकडे ब्रेक मिळाला की पोरगं गावी जातं, आणि परत येऊन दुसऱ्या गेटवर उभं राहतं. मशीन तसंच, काम तेच, हातही तेच. फक्त गळ्यातल्या ओळखपत्राचा रंग बदलतो.

गंमत अशी, की त्याच जुन्या कलमाने आणखीही एक गोष्ट सांगितली होती. कामगार आजारी पडला, रीतसर रजेवर गेला, अपघात झाला, कायदेशीर संप झाला, मालकाने टाळं लावलं, किंवा कामगाराचा दोष नसताना काम थांबलं, तर त्याने सेवा तुटली असं धरायचं नाही. हे वाचलं आणि मी पुन्हा लॅटिनकडे गेलो. कायदा काही न थांबण्याला सलग म्हणत नव्हता. ३६५ पैकी २४० दिवसांना सलग म्हणतो तो कायदा बाकीचे सव्वाशे दिवस गृहीतच धरतो. माणूस थांबणार, पडणार, उठणार. मधला धागा धरलेला आहे ना, एवढंच बघायचं. कंटिन्यू म्हणजे पळत राहणं नव्हे. धरून ठेवणं. आणि धागा तोडण्यासाठीच ज्याचा शोध लागला, तो ब्रेक.

मी कर्जविभागाच्या साहेबांकडे अर्ज नेला. साहेब चांगले आहेत, पण त्यांच्यावरही साहेब आहेत. म्हणाले, "कंटिन्युइटी दिसत नाही हो. कायम असता तर प्रश्न नव्हता."

'कायम'! हाही अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ 'उभा'. आता पाहा: जो अकरा वर्षं भोसरी, पिंपरी, चाकण असा अखंड चालतोय, तो हंगामी. आणि जो एके जागी उभा, तो कायम. एकोणीस वर्षं एकाच खुर्चीत बसून मी तर बसलेला कायम. भाषेने केलेला एवढा स्पष्ट अपमान मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, आणि तो माझ्यासाठी केलाय हे कळायला तर आणखी दोन मिनिटं गेली.

पोराला म्हटलं, "जुनी पासबुकं आहेत?"

होती. त्याचा एक नेम होता. कंपनी बदलली तरी खातं बदलू द्यायचं नाही. दर वेळी अर्ज करून पगार याच खात्यात मागायचा. दुसऱ्या दिवशी रबर लावलेली पाच पासबुकं त्याने काउंटरवर ठेवली. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी ती उघडली. आधी जमेचा रकाना बघितला. साहेबांचं खरं होतं. सात महिने पगार, मग खड्डा. पुन्हा सात महिने, दुसऱ्या नावाने. मग खड्डा. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये तर जमेला काहीच नव्हतं. जमेचा रकाना म्हणजे आमच्या गल्लीचा रस्ताच होता.

मग सवयीने नजर शेजारच्या, नावेच्या रकान्यात गेली. आणि मी खुर्ची पुढे ओढून घेतली.

दर महिन्याच्या पाच ते दहा तारखेच्या आत एक रक्कम एकाच खात्यात गेलेली होती. आईच्या. पगार होता तेव्हा पाच हजार, चार हजार. ब्रेकच्या महिन्यात हजार, आठशे. २०२० च्या मे महिन्यात तीनशे, आणि शिल्लक राहिली ११२ रुपये. मी पहिल्या पासबुकापासून बोट ठेवून मोजत गेलो. अकरा वर्षांत एकही महिना सुटला नव्हता. पुस्तक संपलं तर पुढच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर रकमेचा सांधा जुळलेला.

आम्ही बँकवाले माणसाचं सातत्य जमेच्या बाजूला शोधतो. येणारा पगार सलग, तर माणूस सलग. पण येणं कधी आपल्या हातात होतं? ते गेटवाल्याच्या हातात. आपल्या हातात असतं ते देणं. या पोराचं जे सलग होतं, ते सगळं नावेच्या बाजूला छापलेलं होतं, आणि आमच्या अर्जात त्यासाठी रकानाच नव्हता. 'चालू आहे का?' याला त्याचं उत्तर 'नाही' होतं. 'कोण चालवतो?' असं कोणी विचारलंच नव्हतं.

मी हे साहेबांना दाखवलं. भाषणबिषण केलं नाही, नुसतं नावेच्या रकान्यावर पेन्सिलीने खुणा करून पासबुकं पुढे ठेवली. आयुष्यातलं माझं पहिलं ऑडिट. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं, मग चष्म्यातून बघितलं. बराच वेळ पानं उलटली. म्हणाले, "नियम बदलत नाही हो त्याने." मग थोडं थांबून म्हणाले, "कोणी कायम असलेला जामीन राहील का, विचारा. वरती मी बोलतो."

इथे मला मराठीतला शेवटचा शब्द मिळाला. जामीन 'राहणं'. 'राहणं' हे आपलं मोठं चमत्कारिक क्रियापद. मी ताथवड्याला राहतो म्हणजे माझं घर इथे. मी वाट बघत राहतो म्हणजे बघायचं थांबत नाही. आणि 'ते राहूनच गेलं' म्हणजे ते झालंच नाही. वस्ती, सातत्य आणि हुकलेलं, तिन्ही एकाच शब्दाच्या पोटात. पण या तिघांहून वेगळा जो चौथा अर्थ आहे, तो मला त्या आठवड्यात दिसला. त्याच्या खोलीतला एक जण आधीच्या वर्षी एका कारखान्यात कायम झाला होता. तो पहिली पाळी संपवून, तेलकट गणवेशातच आला, आणि जिथे सही करायची तिथे करून मोकळा झाला. मी म्हटलं, "वाचून तरी घ्या. त्याने हप्ता चुकवला तर तुमच्या पगारातून जाईल." तो म्हणाला, "त्येचा चुकायचा न्हाई. आणि चुकला तर मी हाय की." जो कायम होता, तो जो चालत होता त्याच्यासाठी राहिला. लॅटिनमध्ये याला काय म्हणतात ते मी कोशात आधीच वाचून ठेवलं होतं.

कर्ज मागितलं होतं त्यापेक्षा पंधरा हजारांनी कमी मंजूर झालं. म्हणजे नवी गाडी गेली आणि जुनी आली. हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला. पोराने स्वतःच सांगितलं, "दहाच ठेवा साहेब. पाचला आईचं असतं."

कागद पुरे झाले, आकडे टाकले, आणि स्क्रीनवर ती चौकट उगवली. 'कंटिन्यू?' एकोणीस वर्षांत प्रथमच माझं बोट आपोआप खाली गेलं नाही. पैसे पोराचे, हप्ते पोराचे, उत्तर मीच का द्यावं? मी मान वर करून काचेपलीकडे विचारलं,

"काय रे, पुढे जायचं ना?"

तो हसला आणि म्हणाला, "चालतंय की, साहेब."

मी 'येस' दाबलं.